लाल ठिपक्याचा मान

डासांच्या तापाची साथ शहरात आली तेव्हा ती आपल्या इमारतीत शिरणार नाही, याबद्दल सोळाही बिऱ्हाडांचं एकमत होतं. एरवी जिन्यातला दिवा किती वाजता लावायचा यावरसुद्धा त्यांचं एकमत होत नसे. पण डास हे नेहमी पलीकडच्या गल्लीत असतात आणि तिथली माणसं अस्वच्छच असतात, हे सगळ्यांना मान्य होतं. पलीकडच्या गल्लीत आपल्याविषयी नेमकं हेच बोललं जात होतं, ते नंतर कळलं.

मग तळमजल्यावरचे औषधवाले पडले. आठ दिवस दुकान बंद. त्यांच्या घरच्यांनी सगळ्यांना सांगितलं की पित्त झालंय. पाठोपाठ चौथ्या मजल्यावर एकाचं अंग दुखायला लागलं, तर तिथून निरोप आला की उशी बदलली म्हणून मान धरलीय. ताप कुणालाच येत नव्हता. पित्त, मान, दगदग, उन्हात फिरणं, यांची मात्र इमारतीत साथ आली होती. कारण ताप म्हणजे डास, आणि डास म्हणजे घरात साचलेलं घाण पाणी. तेवढी कबुली द्यायची तर त्यापेक्षा पित्त बरं.

हे सगळं ज्यांना सहन झालं नाही ते पहिल्या मजल्यावरचे तराजूकाका. वजनमापे तपासण्याच्या खात्यातून दोनच वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. एकतीस वर्षं लोकांचे काटे तपासून त्यांच्या नजरेलाच असं वळण लागलं होतं की जगात कुठेतरी काहीतरी कमी भरतंय आणि ते आपणच पकडायचं आहे. निवृत्तीनंतर पकडायला घरात एकट्या काकू उरल्या होत्या, आणि काकू एकाही मापात सापडत नव्हत्या. त्यामुळे इमारतीच्या बैठकीत ‘काहीतरी केलं पाहिजे’ असं सगळे म्हणाले आणि मग सगळे छताकडे पाहू लागले, तेव्हा काका उठून उभे राहिले. पुढचे दोन महिने ते खऱ्या अर्थानं बसलेच नाहीत.

योजना अगदी छोटी होती. जिन्याच्या तोंडाशी एक काळा फळा लावायचा. त्यावर सोळा घरांचे सोळा चौकोन. दर शुक्रवारी सकाळी काकांनी घरोघर जाऊन साचलेलं पाणी तपासायचं. अळी नसेल तर हिरवा ठिपका, सापडली तर लाल. बस्स. काकांच्या मते ही योजना इतकी सोपी होती की तिच्यात बिघडायला काही जागाच नव्हती.

पहिल्या शुक्रवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. एका हातात विजेरी, खिशात भिंग, आणि पाण्याचा नमुना घ्यायला स्वयंपाकघरातला सगळ्यात मोठा डाव. तो डाव काकूंच्या लग्नातला होता. काकूंनी दारात वाट अडवून विचारलं की हा डाव परत आल्यावर त्याचं मी काय करायचं. काका म्हणाले, उकळत्या पाण्यानं धुवायचा. काकू म्हणाल्या, तुम्ही धुवा, आणि मग त्यानं तुम्हीच वाढून घ्या. तो डाव त्यानंतर सरकारजमा झाला तो झालाच.

सोळा घरांपैकी नऊ घरांत अळ्या सापडल्या. कुंडीखालच्या ताटलीत, गच्चीतल्या टायरमध्ये, पाखरांसाठी ठेवलेल्या वाडग्यात. काका दर वेळी डाव वर उचलून उजेडात धरायचे आणि घरच्यांना भिंगातून बघायला लावायचे. घरचे बघायचे, आणि त्या अळ्या वरच्या मजल्यावरून आल्या असणार असं सांगायचे. वरच्या मजल्यावर ठामपणे सांगण्यात आलं की त्या खालून चढतात.

सगळ्यात मोठा ऐवज दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांकडे होता. वकिलांनी गॅलरीत एका भल्यामोठ्या टबात कमळ लावलं होतं. कमळ अजून उगवायचं होतं, पण बाकी सृष्टी जोमात होती. काकांनी टब रिकामा करा म्हणताच वकिलांनी चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा समोरच्यानं घड्याळ बघावं. टब ही खाजगी मालमत्ता आहे, अळी हा वन्य जीव आहे की नाही हा वादाचा मुद्दा आहे, आणि काकांना तपासणीचा अधिकार कुणी दिला हा तर त्याहून मोठा. शेवटी तडजोड झाली ती माशांवर. अळ्या खाणारे बारके मासे टबात सोडायचे असं ठरलं. काकांनी मासेवाल्याकडून पाच मासे पिशवीत पाणी भरून स्वतः आणले, रिक्षात मांडीवर धरून. तिसऱ्या दिवशी गॅलरीच्या कठड्यावर एक खंड्या येऊन बसला. चौथ्या दिवशी टबात पुन्हा फक्त अळ्या होत्या. वकिलांनी काकांना लेखी कळवलं की आपल्या ताब्यात दिलेल्या पाच जिवांच्या मृत्यूस आपण जबाबदार नाही.

सल्ल्यांना तर तोटा नव्हता. कुणी सांगितलं पाण्यात तेल टाका. कुणी सांगितलं धूर करा. तो काकांनी केला, आणि समोरच्या इमारतीनं आगीचा बंब बोलावला. बंबावरच्या माणसांनी आल्यासरशी अंगणभर पाणी मारलं, आणि ते पाणी पुढे तीन दिवस अंगणात साचून राहिलं. काकांनी ते केरसुणीनं एकट्यानं लोटलं. वरून सोळा गॅलऱ्या बघत होत्या. कुणीतरी वरून असंही सांगितलं की डाव्या कोपऱ्यात थोडं राहिलंय.

तेव्हा काकांनी ठरवलं की आपल्या कामाला सरकारी अधिष्ठान हवं. त्यांनी वकिलांच्या टबातल्या अळ्या एका काचेच्या बरणीत भरल्या, तोंडाला काकूंच्या जुन्या पातळाचा तुकडा बांधला आणि आरोग्य खात्याचं कार्यालय गाठलं. मागणी एवढीच की खात्याच्या निरीक्षकानं एकदा इमारतीत येऊन लोकांना समजावावं. आवक विभागातल्या कारकुनानं बरणीकडे न बघता सांगितलं की नमुना विहित बाटलीत लागतो. विहित बाटली कुठे मिळेल? भांडार विभागात. भांडार विभागानं सांगितलं, बाटली मिळते, पण नमुना जमा केल्याची पोचपावती दाखवल्यावर. काका स्वतः एकतीस वर्षं सरकारी नोकरीत होते. असे वाक्प्रयोग त्यांनी स्वतः अनेकांच्या तोंडावर फेकले होते. पण ते झेलताना कसं लागतं हे त्यांना सोमवारी पहिल्यांदा कळलं, मंगळवारी पटलं, आणि बुधवारी त्यांना मनातल्या मनात दोन-चार जुन्या दुकानदारांची क्षमा मागावीशी वाटली.

या चार दिवसांत सरकारी कागद जागचा हलला नाही. निसर्ग मात्र वेळेवर काम करत होता. गुरुवारी बरणीत अळ्या नव्हत्या. डास होते, चांगले तरणेताठे. त्याच दिवशी कारकुनाला एकदाचा अर्ज मंजूर करायचा उत्साह आला. अर्जात ‘अळ्या’ लिहिलंय तर आत अळ्याच आहेत ना, याची खातरजमा करायला त्यानं कापड सोडलं. पुढची दहा मिनिटं आवक विभागानं जेवढी हालचाल केली तेवढी गेल्या दहा वर्षांत केली नसेल. नोंदवहीत मात्र नोंद पडली ती अशी: ‘सदर गृहस्थांनी कार्यालयात डास सोडले.’ काकांनी नोंदवहीत स्वतःचं हे वर्णन वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. आयुष्यात त्यांच्या नावावर एक शेरा नव्हता.

पण त्या गडबडीनं एक झालं. आतल्या खोलीतून निरीक्षक बाई स्वतः बाहेर आल्या. उंच, सावळ्या, साथीनं झोप उडालेल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं आणि सांगितलं की तीन आठवड्यांनी शुक्रवारी सकाळी त्या स्वतः इमारत बघायला येतील.

ही बातमी काकांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिली. आणि मग चमत्कार झाला. पुढच्या शुक्रवारी लाल ठिपके नवावरून चारावर आले. त्याच्या पुढच्या शुक्रवारी शून्यावर. सोळाच्या सोळा हिरवे. काकांनी चार पावलं मागं जाऊन फळा बघितला, मग शेजारून बघितला, मग रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघितला. त्या संध्याकाळी ते काकूंना म्हणाले की माणसाला जबाबदारी दिली की माणूस सुधारतो. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, सुधारतो किंवा शहाणा होतो.

झालं होतं असं की लाल ठिपका ही फार मोठी नामुष्की होऊन बसली होती. लाल ठिपक्याच्या घरी मुलं खेळायला पाठवत नव्हते. लाल ठिपक्याच्या बाईला जिन्यात भेटलं की लोक बोलता बोलता एक पायरी वर सरकत. तेव्हा लोकांनी पाणी सांडायचं सोडून पाणी लपवायला सुरुवात केली. शुक्रवारी सकाळी कुंड्या पलंगाखाली जात. वाडगे कपाटात. वकिलांचा टब तर दर गुरुवारी संध्याकाळी चादरीत गुंडाळून लिफ्टनं खाली उतरायचा आणि शेजारच्या इमारतीत मेव्हण्याकडे मुक्कामाला जायचा. शनिवारी परत यायचा. लिफ्टमध्ये एकदा काकांनीच त्याला हात लावला होता. वकील म्हणाले होते, आईची शिलाई मशीन आहे, जड आहे, जरा त्या बाजूनं धरा. काकांनी धरली होती. मशीनमधून पाणी का ठिबकतंय असं त्यांनी विचारलं तेव्हा वकील म्हणाले, तेलपाणी केलंय.

तिसऱ्या मजल्यावर एक शाळामास्तरीण राहायच्या, दहा वर्षांच्या मुलीला घेऊन एकट्या. निरीक्षक बाई यायच्या आधीच्या मंगळवारी दुपारी त्यांनी काकूंच्या दारावर हलकेच टकटक केली. काका बाहेर गेलेत ना, हे आधी विचारलं. मग दाराला टेकून रडायला लागल्या. मुलीला पाच दिवस ताप होता. डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणत होती, आज अंगावर पुरळ दिसलं होतं.

“पाच दिवस? आणि कुणाला सांगितलं नाहीस?” काकूंनी विचारलं.

“काकू, फळ्यावर सगळे हिरवे होते,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “माझ्या एकटीचा लाल होईल म्हणून भ्याले.”

काकूंनी पायात चपला सरकवल्या, मुलीला शालीत गुंडाळलं आणि दोघींना घेऊन सरळ रुग्णालय गाठलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, पण अगदी काठावर.

संध्याकाळी काकूंनी हे सगळं काकांना सांगितलं, शब्द न बदलता. काका खुर्चीत बसून राहिले. त्या मुलीच्या घरी ते गेल्या शुक्रवारी गेले होते. ती आतल्या खोलीत झोपलीय, तिला अभ्यासाचा थकवा आलाय, असं आईनं सांगितलं होतं. काकांनी मोरीतली बादली तपासली होती आणि हिरवा ठिपका दिला होता. मुलीकडे बघायचं त्यांच्या तक्त्यात नव्हतं.

शुक्रवार उजाडला. निरीक्षक बाई दहाला येणार होत्या. मुलगी अजून रुग्णालयातच होती, पण ताप उतरला होता. सगळी इमारत धुऊनपुसून उभी होती. काकांनी नेहमीप्रमाणे सकाळी पंधरा घरं केली आणि पंधरा हिरवे ठिपके दिले, पण या वेळी हात जड होता. सोळावं घर त्यांचं स्वतःचं. तिथे ते कधी तपासायला जात नसत, ठिपका देऊन मोकळे होत. तपासनीसाचं घर कसलं तपासायचं?

साडेनऊला काकूंच्या हातातून लिंबू निसटलं आणि घरंगळत फ्रिजमागे गेलं. काकूंनी फ्रिज पुढे ओढला आणि हाक मारली. हाक मोठी नव्हती. पण छत्तीस वर्षांच्या संसारात ती हाक काकांनी दोनदाच ऐकली होती, म्हणून ते धावत गेले.

फ्रिजच्या मागे, खाली, पाणी गोळा व्हायला एक काळा ट्रे असतो हे काकांना माहीत नव्हतं. बऱ्याच लोकांना नसतं. ट्रेमध्ये दोन बोटं पाणी होतं, आणि त्यात अळ्या मजेत वरखाली करत होत्या. काकांनी सवयीनं भिंग काढलं. मग खिशात परत ठेवलं. भिंगाची गरज नव्हती.

ट्रे मोरीत उलटा करायला दहा सेकंद पुरली असती. खाली निरीक्षक बाई येणार, सोळा हिरवे ठिपके बघणार, कदाचित चार लोकांसमोर काकांचं नाव घेणार. एकतीस वर्षं ज्यानं दुसऱ्याचं ग्रॅमभर कमी सोडलं नाही त्याच्याच घरात, दोन महिने, दर शुक्रवारी हिरव्या ठिपक्याखाली, डासांचा पाळणा हलत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे दिव्यानंच अंधार पाळला होता.

काकू त्यांच्याकडे बघत होत्या. उलटा करा असंही म्हणाल्या नाहीत आणि नका करू असंही नाही. लिंबू उचलून त्यांनी ओट्यावर ठेवलं.

काकांनी ट्रे उचलला. दोन्ही हातांनी, सांडू न देता. आणि ते मोरीकडे न जाता दाराकडे गेले. जिना उतरताना पाणी डुचमळत होतं आणि त्यांची नजर ट्रेवरून हलत नव्हती. पायात घरातल्या सपाता होत्या हे त्यांना खाली पोचल्यावर दिसलं.

खाली सगळी मंडळी चांगल्या कपड्यांत उभी होती. निरीक्षक बाई नुकत्याच आल्या होत्या आणि फळ्याकडे बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक नव्हतं. सोळा हिरवे ठिपके त्यांनी त्या आठवड्यात बहुतेक बऱ्याच ठिकाणी पाहिले असावेत. काकांनी ट्रे पायरीवर ठेवला, लाल खडू घेतला आणि आपल्या चौकोनातला हिरवा ठिपका तळहातानं पुसून तिथे लाल ठिपका काढला. तो जरा मोठाच आला.

“माझ्या घरात आहेत,” ते म्हणाले. “फ्रिजच्या मागे. किती दिवसांपासून आहेत कोण जाणे. मी माझं घर कधी तपासलंच नाही. आणि वरची मुलगी आजारी पडली, ते माझ्या या फळ्याच्या भीतीनं लपून राहिलं. दोन्ही चुका माझ्या आहेत.”

लोक ट्रेकडे बघत होते, ट्रेमधल्या अळ्या आपल्या कामात होत्या. काकांना वाटलं, आता कुणीतरी हसेल. हसले तर आपण सपातांकडे बघायचं असं त्यांनी ठरवलं.

मग वकिलांनी चष्मा काढला. सगळ्यांनी सवयीनं घड्याळाकडे बघितलं. पण या वेळी वकिलांचं बोलणं त्यांच्या हयातीतलं सगळ्यात लहान निघालं.

“माझा टब मेव्हण्याकडे आहे,” ते म्हणाले. “भरलेला.” आणि पुढे येऊन त्यांनी खडू मागितला.

त्यानंतर खडूला रांग लागली. कुणाची कुंडी पलंगाखाली होती, कुणाची बादली कपाटात. औषधवाल्यांनी सांगितलं की त्यांना पित्त कधीच नव्हतं. चौथ्या मजल्यावरून मानेचाही खुलासा झाला. एक आजी तर ऐकेचनात. त्यांच्या घरात खरंच काही नव्हतं, पण सगळे ठिपका काढतायत म्हणून त्यांनाही हवा होता. त्यांची समजूत घालायला काकूंना खाली यावं लागलं.

निरीक्षक बाईंनी मोजलं. अकरा लाल. त्यांनी वहीत आकडा लिहिला, खाली रेघ मारली आणि पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

“शून्य लिहिणाऱ्या इमारती मी या महिन्यात चाळीस पाहिल्या,” त्या म्हणाल्या. “अकरा लिहिणारी ही पहिली. आता मला इथे काम करता येईल.”

आणि त्यांनी केलं. तासाभरात पलंगाखालच्या कुंड्या अंगणात आल्या, पाणी सांडलं, ताटल्या घासल्या गेल्या. वकिलांचा टब चादरीविना, उघड्या तोंडानं, भर रस्त्यातून परत आला. त्याला या वेळीही काकांनी एका बाजूनं धरलं होतं. बाईंनी त्यावर बसवायला जाळी दिली, आणि ती बसवून झाल्यावरच वकिलांनी त्यात नवं पाणी भरलं.

पुढे जे झालं ते काकांच्या योजनेत नव्हतं. शुक्रवारी काकांना कुणाच्या घरी जावं लागेना. लोकच आपलं आपण शोधून सांगायला लागले, आणि सांगताना त्यांचा आवाज चढलेला असे. एसीच्या नळीत सापडल्या म्हणून एकजण चार मजले उतरून आला. दुसऱ्यानं छत्रीच्या स्टँडमध्ये शोधून काढल्या आणि ही जागा कुणाच्याच लक्षात आली नसती असं दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं. अंग जरा कोमट लागलं तर लोक जिन्यातच सांगू लागले, आणि ज्याला ताप त्याच्या दाराशी डबा, औषध आणि मच्छरदाणी न मागता पोचू लागली. नवीन राहायला आलेल्या एका जोडप्यानं पहिल्याच शुक्रवारी ‘आमच्याकडे काही नाही हो’ असं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि आजींनी त्यांना मायेनं सांगितलं की नीट बघा, असेल कुठेतरी, लाजू नका.

साथ ओसरेपर्यंत इमारतीत आणखी दोघांना ताप आला. दोघांनीही पहिल्या दिवशी सांगितलं आणि दोघंही घरच्या घरी बरे झाले. पलीकडच्या गल्लीतली माणसं एके रविवारी फळा बघायला आली. वकिलांनी त्यांना सगळं समजावलं, जरा जास्तच समजावलं, आणि शेवटी काकांच्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाले, “आणि हा पहिला लाल ठिपका. आमच्या काकांचा.” काका तिथेच उभे होते. त्यांनी हात मागे बांधले आणि आकाशाकडे बघितलं. आकाशात काही नव्हतं, पण कुठेतरी बघणं भाग होतं.

मास्तरीणबाईंची मुलगी बरी होऊन घरी आली. आठ दिवसांनी तिला जिना उतरायची परवानगी मिळाली. खाली जायच्या आधी ती पहिल्या मजल्यावर थांबली आणि म्हणाली की तिला तो ट्रे बघायचाय. भेटायला आलेल्या शाळेतल्या मैत्रिणींना तिनं त्याच्याबद्दल सांगितलं होतं. काकांनी फ्रिज ओढला, विजेरी लावली. ट्रे आता कोरडा ठणठणीत होता. मुलगी गुडघ्यांवर बसून बराच वेळ आत बघत राहिली.

“हाच?” तिनं विचारलं. “केवढासा आहे.”

काकांच्या मनाला जरा लागलंच.

“आकारावर जाऊ नकोस,” ते म्हणाले. “सत्तावीस होत्या. जिना उतरता उतरता मोजल्या मी.”